राजकन्या काझुनोमिया आणि तिचें महावस्त्र

जपानी वधूचें चित्र ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना तिचा तो जमिनीवर लोळणारा भरजरी झगा खचित आठवत असेल. त्याचें नांव उचिकाके. आंतला किमोनो कमरेशीं ओबी नांवाच्या रुंद पट्ट्यानें आवळलेला असतो; त्यावरून हें दुसरें वस्त्र खांद्यांवर नुसतें सोडावयाचें. त्याला पट्टा नाहीं, बंद नाहीं, गांठ नाहीं. त्याच्या खालच्या कांठांत कापूस भरून तो जाड केलेला असतो, म्हणून चालतांना घोळ पायांत न अडकतां मागें पसरत जातो. त्यावर करकोचे, कासवें, वेळू, फुलांनीं भरलेले गाडे अशीं शुभचिन्हें रेशमानें व सोनेरी धाग्यानें काढलेलीं असतात. हल्लीं जपानांत बहुतेक वधू हें वस्त्र लग्नापुरतें भाड्यानें आणतात, कांहीं तास अंगावर घेतात आणि परत करतात. परंतु एके काळीं तें सरदारघराण्यांतील स्त्रियांचें मानाचें वस्त्र होतें, आणि कोणीं काय पांघरावें, केस कसे बांधावे, कोणत्या बैठकीवर बसावें, यावरून मोठमोठ्या वाड्यांत मनें दुखावलीं जात. अशाच एका वाड्यांत सून म्हणून गेलेल्या मुलीचें हें चरित्र आहे. ती सम्राटाची कन्या होती, आणि लग्नाच्या वेळीं तिचें वय आमच्या वरच्या वर्गांतील मुलींइतकेंच, म्हणजे पंधरा वर्षांचें होतें.

जपानचे सम्राट निन्को १८४६ च्या आरंभीं वारले, आणि त्याच वर्षाच्या उन्हाळ्यांत त्यांची ही धाकटी कन्या जन्मास आली. पित्याचें मुख तिनें पाहिलेंच नाहीं. सिंहासनावर तिचे सावत्र बंधु कोमेइ बसले होते. त्यांनींच तिला काझुनोमिया हें नांव दिलें. ती आपल्या आईच्या माहेरीं, हाशिमोतो नांवाच्या दरबारी घराण्यांत वाढली.

त्या काळच्या जपानांत सम्राट म्हणजे मखरांतील मूर्ति होती. ते क्योतो शहरीं राजवाड्यांत राहात, धर्मकृत्यें करीत, कविता रचीत; राज्याचा सर्व कारभार मात्र १६०३ पासून एडो शहरीं, म्हणजे आजच्या टोकिओंत, तोकुगावा घराण्याच्या हातीं होता. त्या घराण्याच्या मुख्य पुरुषास शोगुन म्हणत. सैन्य त्याचें, खजिना त्याचा, किल्ले त्याचे. सम्राटांजवळ उरला होता तो मान.

काझुनोमिया पांच वर्षांची असतां, १८५१ सालीं, तिची मागणी राजकुळांतील आरिसुगावा तारुहितो या अकरा वर्षांनीं मोठ्या तरुणाशीं ठरली. त्या घराण्यांत सुलेखनाची मोठी परंपरा होती. मुलगी क्योतोंतच राहणार, आईजवळ राहणार, आणि आपल्या लोकांच्या रीतीनेंच तिचें आयुष्य जाणार, असें सर्वांस वाटत होतें.

तें तसें घडावयाचें नव्हतें. १८५३ सालीं अमेरिकेच्या आगबोटी एडोच्या खाडींत येऊन उभ्या राहिल्या. दोनशें वर्षांहून अधिक काळ परक्यांना बंद असलेलें दार उघडावें अशी त्यांची मागणी होती. १८५८ सालीं शोगुनाच्या कारभाऱ्यांनीं सम्राटांची संमति न घेतां परदेशीयांशीं तह केले, आणि देशांत असंतोषाचा वणवा पेटला. मार्च १८६० मध्यें मुख्य कारभारी ई नाओसुके याचा एडोच्या किल्ल्याच्या दाराशींच, बर्फ पडत असतां, खून झाला. तोकुगावांचें आसन डळमळूं लागलें. तें सांवरण्यास सम्राटांच्या नांवाचा आधार पाहिजे होता, आणि दोन घराणीं जोडण्याचा जगांतील सर्वांत जुना उपाय कारभाऱ्यांनीं योजिला: सम्राटांची बहीण शोगुनास द्यावी. शोगुन इएमोची हा तिच्याच वयाचा होता. दोघांचा जन्म एकाच वर्षींचा.

सम्राटांनीं प्रथम नकार दिला. मुलगी आधींच वाग्दत्त आहे, ती सावत्र बहीण असल्यानें तिच्यावर जुलूम करणें बरें नव्हे, शिवाय एडोकडे परदेशी लोक आलेले असल्यानें ती भिते, अशीं कारणें त्यांनीं कळविलीं. एडोहून पुनःपुन्हा विनंति आली. अखेर दहा वर्षांच्या आंत परदेशीयांस घालवून देऊं असें वचन मिळाल्यावर सम्राटांचें मन वळलें. पण मुलीचें वळलें नाहीं. ती नाहीं म्हणाली, आणि नाहींच म्हणत राहिली. तेव्हां सम्राटांनीं आपली स्वतःची तान्ही मुलगी तिच्याऐवजीं देण्याची, व तेंहि न चालल्यास सिंहासन सोडण्याची भाषा काढली. चौदा वर्षांच्या मुलीला याहून अधिक काय पेलणार? १८६० च्या शरदृतूंत तिनें होकार दिला.

इतिहासाच्या पुस्तकांत या विवाहाला दोन-चार ओळी मिळतात, आणि त्यांत तिचा होकार म्हणजे निव्वळ शरणागति दिसते. पण तिनें अटी घातल्या होत्या. दागिने नकोत, जहागिरी नको. वडिलांच्या पुण्यतिथीस आपल्याला क्योतोस येऊं द्यावें, आपल्या दरबारांतील स्त्रिया आपल्याजवळ असाव्यात, आणि एडोच्या वाड्यांतहि आपलें राहणें क्योतोच्या राजवाड्याच्या रीतीनेंच चालावें, एवढेंच तिनें मागितलें. राहणें म्हणजे काय? बोलणें, बसणें, केस आणि वस्त्रें. आपण तिला हट्टी म्हणूं कदाचित्. परंतु जिचें घर, नियोजित पति आणि गांव हीं सर्व एका फटक्यांत गेलीं, तिच्याजवळ अंगावरच्या वस्त्रांशिवाय आपलें म्हणण्यासारखें दुसरें काय राहिलें होतें?

या दोन रीतींत अंतर किती होतें तें सांगितल्यावांचून पुढची कथा कळणार नाहीं. दरबारी स्त्रिया केस पाठीवर मोकळे सोडीत आणि सणासमारंभीं हाकामा नांवाचें लाल, घोळदार, विजारीसारखें वस्त्र नेसत. मोठ्या समारंभाला त्यावर रेशमी वस्त्रांचे थरच्या थर चढत, आणि बाहीच्या टोकाशीं दिसणाऱ्या रंगांच्या पट्ट्यांवरून पाहणारास ऋतु कळे. सरदारांकडील स्त्रिया केस वर बांधीत. त्या हाकामा नेसत नसत. कोसोदे म्हणजे आंखूड तोंडाच्या बाह्यांचा किमोनो घालून त्यावर ओबी बांधीत, आणि वरून उचिकाके सोडीत. भर उन्हाळ्यांत तें वरचें वस्त्र खांद्यांवरून उतरवून कमरेशीं गुंडाळीत. चौथ्या महिन्याच्या पहिल्या दिवशीं कापसाचे कपडे उतरले पाहिजेत, पांचव्या महिन्याच्या पांचव्या दिवशीं विनाअस्तराचे आले पाहिजेत, नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशीं पुन्हा कापूस चढला पाहिजे. थंडी-उन्हाशीं त्याचा संबंध असो वा नसो. शब्दहि निराळे होते. सरदारांकडे ज्याला उचिकाके म्हणत, म्हणजे वरून टाकलेलें, त्यालाच दरबारीं काइदोरी म्हणत, म्हणजे चालतांना हातांनीं सांवरून धरावयाचें. वस्त्र एकच, एकीनें तें कसें घेतलें त्यावरून त्याचें नांव ठेविलें, दुसरीनें तें कसें वागविलें त्यावरून.

यांत एक मौज आहे. एडोच्या किल्ल्यांतील स्त्रियांना आपल्या वस्त्रांवर क्योतोच्या दरबाराचींच चित्रें आवडत. बैलांनीं ओढावयाचे राजरथ, वेळूचे पडदे, पंखे, कुंपणाशीं फुललेलीं फुलें; गेंजीच्या प्राचीन कथेंतील प्रसंग माणसें न काढतां नुसत्या वस्तूंवरून सुचवावयाचे, आणि पाहणारीनें ते ओळखावयाचे. भरतकाम करणारांनीं कधीं राजवाडा आंतून पाहिलेला नसे. तो राजवाडा वस्त्रावर हवाहवासा वाटे. पण त्यांतली खरी मुलगी दारांत येऊन उभी राहिली तेव्हां तिचें वळण कोणाला रुचलें नाहीं.

उलट दिशेनें असा विवाह पूर्वीं एकदां झाला होता. १६२० सालीं शोगुनाची कन्या मासाको ही क्योतोस जाऊन सम्राट गो-मिझुनोओ यांची पत्नी झाली. तिला वस्त्रांची फार आवड. कारिगानेया नांवाच्या पेढीकडून तिनें मागविलेल्या शेकडो कोसोद्यांच्या नोंदी अद्याप शिल्लक आहेत. पुढें थोर चित्रकार म्हणून गाजलेला ओगाता कोरिन हा त्याच पेढीवाल्यांच्या घरांत जन्मला. मासाकोबरोबर एडोचें धन क्योतोस गेलें. आतां क्योतोहून एडोस जावयाचें होतें तें धन नव्हे, नांव.

नोव्हेंबर १८६१ मध्यें काझुनोमियेची पालखी क्योतोहून निघाली. समुद्रकांठचा तोकाइदो हा सोयीचा रस्ता सोडून डोंगरांतून जाणारा नाकासेन्दो मार्ग निवडला होता. कारण तोकाइदोवर नद्यांचे उतार फार, आणि दगाफटक्याची भीतिहि मोठी. पालखीच्या रक्षणास बारा संस्थानांचीं माणसें, वाटेच्या बंदोबस्तास आणखी एकोणतीस. सगळा लवाजमा एका मुक्कामावरून पुढें सरकण्यास चार दिवस लागत असें सांगतात. वाटेंतल्या गांवांना दारें-खिडक्या बंद ठेवण्याची ताकीद होती, आणि ओझीं वाहण्यास दूरदूरच्या खेड्यांतून शेतकरी धरून आणले होते. शिमाझाकी तोसोन या कादंबरीकारानें पुढें आपल्या मोठ्या ग्रंथांत किसो खोऱ्याच्या बाजूनें या स्वारीचें वर्णन केलें आहे. पालखीच्या बाजूनें नव्हे, ओझीं वाहणारांच्या बाजूनें. एडोच्या वेशीपाशीं इताबाशी येथें एक जुना वृक्ष होता. त्याच्या जवळून गेल्यास नवराबायकोची ताटातूट होते अशी समजूत होती. म्हणून त्याला चटया गुंडाळून झांकलें, आणि पालखीसाठीं आडवाट काढली असें म्हणतात. पंचवीस दिवसांच्या प्रवासानंतर डिसेंबरांत ती एडोस पोंचली.

मार्च १८६२ मध्यें विवाह झाला. सरदारांच्या रिवाजाप्रमाणें वधूनें प्रथम आंतून बाहेरून शुभ्र पोषाख करावयाचा, आणि मग रंगीत वस्त्रें ल्यावयाचीं. शुभ्र वस्त्र जाऊन रंगीत येणें म्हणजे ती सासरची झाली. येथें पंचाईत निराळीच होती. काझुनोमियेस राजकन्येची पदवी रीतसर दिलेली असल्यानें तिचें पद शोगुनाहून वरचें होतें. विवाहांत ती यजमान आणि वर हा पाहुणा असा मान ठेवावा लागला. सम्राटाच्या कन्येनें शोगुनाच्या घरीं प्रत्यक्ष नांदावयास येणें हें त्यापूर्वीं कधीं घडलें नव्हतें.

आणि घरांत सासू होती. इएमोचीला दत्तक घेणाऱ्या मागील शोगुनाची विधवा तेन्शोइन ही दक्षिणेकडील सात्सुमा संस्थानांतून आलेली, करारी, बुद्धिमान आणि वयानें अवघी सव्वीस वर्षांची. शेंकडों स्त्रियांच्या त्या अंतःपुराची ती स्वामिनी होती. तिच्या दृष्टीनें सून ही सून. सुनेच्या दृष्टीनें सासू ही एका सरदाराची मुलगी. पहिल्या भेटींत तेन्शोइन वरच्या बाजूला बैठकीवर बसली होती, आणि राजकन्येला एका बाजूला, बैठक न घालतां, जागा दाखविली गेली. राजकन्येकडून आलेल्या भेटीवर सासूच्या नांवापुढें आदराचें उपपद नव्हतें असें दुसऱ्या पक्षाचें गाऱ्हाणें होतें. दोन्हीकडच्या दासींनीं तेल ओतण्यास कमी केलें नाहीं. क्योतोच्या स्त्रिया आपला पोषाख सोडीनात, एडोच्या स्त्रिया त्यांच्याकडे पाहून नाकें मुरडीत. अखेर १८६२ च्या शेवटीं, शोगुनाच्या पत्नीस म्हणावयाचें नेहमींचें नांव सोडून तिला काझुनोमिया-सामा असेंच म्हणावें, असा हुकूम निघाला. कागदोपत्रीं ती जिंकली. पण अशा जयानें घर होत नाहीं.

घर झालें तें इएमोचीमुळें. हा मुलगा बारा वर्षांचा असतां शोगुन झाला होता. स्वभावानें मऊ, आणि गोडाचा फार शौकी. तो तिला केसांत खोंचावयाचे कांटे आणि लहानसहान भेटी पाठवी. त्यानें दुसरी स्त्री केली नाहीं, हें त्या काळच्या शोगुनाच्या बाबतींत सांगण्यासारखें आहे. तोकुगावांचा सरदार कात्सु काइश्यू यानें म्हातारपणीं एक आठवण सांगितली आहे. एकदां शोगुन, तेन्शोइन आणि काझुनोमिया बागेंत जावयास निघालीं असतां पायरीच्या दगडावर दोघी स्त्रियांच्या वहाणा ठेविलेल्या होत्या, आणि शोगुनाच्या मात्र खालीं जमिनीवर पडल्या होत्या. काझुनोमियेनें तें पाहिलें. एवढा वस्त्रांचा पसारा अंगावर असतां ती अनवाणीच खालीं उतरली, आपल्या वहाणा खालीं ठेविल्या, पतीच्या दगडावर मांडल्या, आणि त्याला नमस्कार केला. त्या दिवसापासून दासींचीं भांडणें ओसरलीं, असें कात्सु म्हणतो. ज्या मुलीनें वस्त्राची एक घडी मोडूं दिली नव्हती तिनें हें कोणाच्या सांगण्यावरून केलें नाहीं.

दोघांना एकत्र राहावयास फार थोडे दिवस मिळाले. १८६३ सालीं इएमोचीस क्योतोस जावें लागलें. २२९ वर्षांत कोणी शोगुन तेथें गेला नव्हता. पुढल्याच वर्षीं पुन्हा जावें लागलें. परदेशीयांना घालविण्याचें जें वचन देऊन बायको आणली तें पाळतां येणारें नव्हतें, आणि त्याबद्दल जाब देण्यास तिच्याच भावापुढें उभें राहावें लागत होतें. तो प्रवासांत असतां ती झोजोजी मंदिरांतील काळ्या अमिदा बुद्धाचें नांव घेऊन नवसाच्या शंभर फेऱ्या घाली. १८६५ सालीं तो तिसऱ्यांदा निघाला, यावेळीं चोश्यू संस्थानावरील मोहिमेसाठीं. परत येतांना काय आणूं असें त्यानें विचारलें, आणि तिनें निशिजिनचें कापड मागितलें असें सांगतात.

निशिजिन हा क्योतोंतील विणकरांचा मोहल्ला. पंधराव्या शतकांतील ओनिन युद्धांत जेथें पश्चिमेकडील सैन्याचा तळ होता तेथें युद्धानंतर विणकर येऊन राहिले, म्हणून त्याचें नांवच पश्चिम छावणी. तेथील काराओरी नांवाच्या कापडांत नक्षीचे रंगीत रेशमी धागे असे मोकळे सोडलेले असतात कीं पाहणारास तें विणकाम न वाटतां भरतकाम वाटावें. त्या काळीं मागाच्या माथ्यावर एक माणूस बसून दोऱ्या ओढी आणि ताण्याचे नेमके धागे वर उचली. खालीं बसलेला विणकर त्यांतून बाणा घाली. दोघांपैकीं एकाचें चुकलें कीं फूल बिघडलें. फ्रान्समधील लियों शहराहून नक्षीचे नवे माग निशिजिनांत आले ते १८७० नंतर. तेव्हां काझुनोमियेनें मागितलेलें कापड हें दोन माणसांच्या हातांनीं, इंचाइंचानें पुढें सरकलेलें होतें. आणि तें तिच्या गांवचें होतें. पांच वर्षांत तिनें क्योतो पाहिलें नव्हतें; वडिलांच्या पुण्यतिथीस पाठविण्याचें वचन वाऱ्यावर गेलें होतें.

त्याच सुमारास, १८६५ सालीं, तिच्याबरोबर एडोस आलेली तिची आई वारली. पुढल्या वर्षीं, २९ ऑगस्ट १८६६ रोजीं, ओसाकाच्या किल्ल्यांत इएमोची बेरीबेरीच्या रोगानें मरण पावला. तो वीस वर्षांचा होता. त्याचा देह एडोस आला. आणि ती भेटहि आली. कापड तयार झालेलें होतें.

तिनें तें पाहिलें आणि त्यावर एक कविता लिहिली. कविता येथें देत नाहीं. भाव एवढाच कीं नक्षी कितीहि सुंदर असली तरी ती दाखवावयाची कोणाला. तिनें त्याचा पोषाख शिवला नाहीं. पतीच्या श्राद्धाच्या निमित्तानें तें कापड तिनें झोजोजी मंदिरास अर्पण केलें, आणि तेथें त्याची केसा, म्हणजे बौद्ध भिक्षूनें खांद्यावरून घ्यावयाची छाटी, शिवण्यांत आली. केसा हा शब्द आपल्या काषाय या शब्दाचाच; बौद्ध धर्माबरोबर तो भारतांतून चीनमार्गें जपानांत गेला. मृताच्या नांवें उंची वस्त्र मंदिरास देण्याची चाल त्या देशांत जुनी आहे, आणि तेथील शिवणकामामुळें ती सोपीहि जाते. किमोनोच्या कापडाचा तागा सुमारें चौदा इंच रुंद व बारा-तेरा वार लांब असतो. त्यांतून केवळ सरळ पट्टे कापतात, गोल कात्री चालत नाहीं. म्हणून वस्त्र उसवलें तरी पुन्हा कापड हातीं येतें. केसाहि अशाच चौकोनी तुकड्यांची असते. या केसेला उत्सुसेमीची केसा म्हणतात. उत्सुसेमी म्हणजे झिल्ली नांवाच्या किड्यानें झाडाच्या सालीवर टाकून दिलेली पोकळ कात.

त्याच हिवाळ्यांत तिनें केस कापून संन्यासिनीचें व्रत घेतलें आणि सेइकानइन हें नांव धारण केलें. जानेवारी १८६७ च्या अखेरीस तिचे बंधु सम्राट कोमेइ हेहि वारले. ज्या दोन पुरुषांना जोडण्यासाठीं तिला एडोस आणलें होतें ते दोघेहि सहा महिन्यांच्या आंत गेले. आतां तिनें क्योतोस परत जावें असें पुष्कळांचें मत होतें.

पण ती राहिली, आणि तिच्या आयुष्यांतील सर्वांत मोठें काम तिनें यानंतर केलें. जानेवारी १८६८ मध्यें क्योतोजवळ लढाई होऊन नवा शोगुन योशिनोबु पराभूत झाला, आणि त्याला सम्राटांचा शत्रु ठरविण्यांत आलें. एडो जिंकण्यास फौज निघाली. नवे बालसम्राट मेइजी हे तिचे भाचे. आणि फौजेचा सेनापति कोण, तर आरिसुगावा तारुहितो, तिचा पूर्वींचा वाग्दत्त. माहेर सासरावर चालून येत होतें. तिनें क्योतोंतील आपल्या आप्तांस पत्रें लिहिलीं, आणि तीं घेऊन त्सुचिमिकादो फुजिको नांवाची तिची विश्वासू बाई युद्धाच्या गर्दींतून पश्चिमेकडे गेली. योशिनोबुची ती तरफदारी करीत नव्हती. पण तोकुगावा घराण्याचें नांव पुसलें जाऊं नये, आणि तें पुसलें जाणार असेल तर आपणहि मागें राहणार नाहीं, असें तिनें स्पष्ट कळविलें. तेन्शोइननेंहि आपल्या सात्सुमाच्या लोकांना, जे आतां शत्रुपक्षाचे पुढारी होते, याच अर्थाचें लिहिलें. एका बैठकीवरून बिनसलेल्या सासूसुना आतां आपापल्या माहेराशीं एकाच घरासाठीं भांडत होत्या.

सेनापतींमधील बोलणीं यशस्वी झालीं, आणि मे १८६८ मध्यें एडोचा किल्ला रक्तपाताशिवाय स्वाधीन झाला. दहा लक्षांच्या आसपास वस्तीचें शहर आगींतून वांचलें. याचें श्रेय एकट्या काझुनोमियेस देणें हा अतिरेक होईल. साइगो ताकामोरी आणि कात्सु काइश्यू यांचा त्यांत मोठा वाटा आहे. परंतु तिचीं पत्रें वजनांत धरलीं गेलीं हें खास. तोकुगावा घराणें राहिलें.

पुढची हकीकत थोडी आहे. १८६९ सालीं ती क्योतोस गेली आणि वडिलांच्या समाधीचें दर्शन तिला आठ वर्षांनीं घडलें. पांच वर्षें तेथें राहून ती १८७४ सालीं पुन्हा टोकिओस आली, व आझाबु भागांत राहूं लागली. तेन्शोइनशीं आतां तिचें सख्य जमलें होतें. कात्सुच्या घरीं दोघी जेवावयास बसल्या असतां वाढावयाचें कोणीं यावरून अडून बसल्या. प्रत्येकीला दुसरीला वाढावयाचें होतें. कात्सुनें भाताचे दोन हाते आणवून एकेकीच्या हातीं दिले, तेव्हां हंशा पिकला आणि जेवण सुरू झालें.

२ सप्टेंबर १८७७ रोजीं हाकोने येथील तोनोसावाच्या उष्ण झऱ्यांवर उपचार घेत असतां ती वारली. वय एकतीस. रोग तोच, बेरीबेरी. मोठ्या घरांत पांढरा सडीक तांदूळ खाण्याचा मान होता, आणि कोंड्याबरोबर रोग टाळणारें जीवनसत्त्वहि निघून जाई. हें ज्ञान पुढें आलें. कोंड्यासकट धान्य खाणाऱ्या खेडुतांना हा रोग क्वचित् होई. आमच्या मातांनीं हें वाचून तांदळाच्या डब्याकडे एकदां पाहावें.

तिच्या इच्छेप्रमाणें तिला झोजोजी येथें इएमोचीच्या शेजारीं पुरलें. १९४५ च्या हवाईहल्ल्यांत तेथील तोकुगावांच्या समाधिमंदिरांचा बहुतेक भाग जळाला. नंतर १९५८ ते १९६० या काळांत थडगीं हलविण्यापूर्वीं शास्त्रज्ञांनीं तीं उघडून अवशेष तपासले. इएमोचीचे जवळजवळ सर्व दांत किडलेले आढळले. मिठाईचा शौक खोटा नव्हता. काझुनोमियेच्या पेटींत कांचेची एक लहान पट्टी सांपडली. उजेडांत धरतां तीवर दरबारी टोपी आणि पोषाख घातलेल्या एका तरुणाचें छायाचित्र दिसलें. दुसऱ्या दिवशीं पाहतात तों चित्र उडून गेलेलें, आणि हातांत नुसती कांच. तो इएमोचीच असावा असें बहुतेकांचें मत आहे. कांहींजण आरिसुगावाचें नांव घेतात. हल्लीं झोजोजीच्या मागील आवारांत त्याची दगडी आणि तिची कांशाची अशा दोन समाधी जवळजवळ उभ्या आहेत, आणि ती केसा मंदिरानें जपून ठेविली आहे.